भांगलण, हमीचं काम आणि बेकारी भत्ता

(आमच्या सामुदायिक रेडिओवर ऑगस्ट २०२४ मध्ये झालेलं भाषण)

गेल्या गुरुवारी आपण रोजगार हमीच्या मजुरीबद्दल बोललो. त्यानंतर स्टुडिओच्या फोनवर जे प्रश्न आले, त्यातला एक प्रश्न पाच-सहा जणींनी आपापल्या शब्दांत विचारला. आठवड्यातले दोन दिवस मी भांगलणीला जाते, मग मला बेकार धरतील का? भत्ता मागितला आणि कुणीतरी जाऊन सांगितलं की ही तर रोज कुणाच्या ना कुणाच्या रानात असते, तर पैसे परत मागतील का? एकीने तर असं विचारलं, की भत्ता पाहिजे असेल तर भांगलण सोडून घरी बसायचं का?

घरी बसू नका, हे आधी सांगून टाकतो. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात ज्याला बेकारी भत्ता म्हणतात, तो तुम्ही घरी बसलात म्हणून मिळत नाही. तुम्ही सरकारकडे काम मागितलं आणि सरकारने ते वेळेत दिलं नाही, म्हणून मिळतो. कायदा विचारतो तो प्रश्न सरकारला आहे, तुम्हाला नाही. काम मागितलं होतं का, कोणत्या तारखेला मागितलं, कोणत्या दिवसांसाठी मागितलं, आणि दिलं का. त्या दिवसांत तुम्ही कुणाच्या रानात दोन दिवस खुरपं चालवलं का, हे त्या कायद्यात कुठेही विचारलेलं नाही. ‘बेकार’ हा शब्दच आपल्याकडे शिवीसारखा वापरला जातो, त्यामुळे पहाटे चारला उठणाऱ्या बाईला तो अंगाला लावून घ्यायला नको वाटतं, ते आम्हाला कळतं. पण या भत्त्याच्या नावात तो शब्द आहे एवढंच. त्याचा अर्थ रिकामटेकडी असा नाही.

हे उत्तर सोपं आहे, पण त्याला शेपूट आहे. भांगलणीमुळे भत्ता जात नाही, मात्र भांगलणीच्या नादात तारखा चुकल्या तर जातो. आज त्या तारखांबद्दलच बोलायचं आहे.

आधी थोडं मागचं. आपल्यातल्या ज्या आज पंचाहत्तरीच्या आहेत त्यांना ७२ चा दुष्काळ आठवत असेल. खडी फोडायला बायका गेल्या, पाझर तलावांवर माती वाहिली, कामावर सुकडी मिळायची. त्याच वर्षी महाराष्ट्राने रोजगार हमी योजना राज्यभर नेली. तिची कल्पना वि. स. पागे यांची. ते विधान परिषदेचे सभापती होते आणि १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात विसापूरला त्यांनी तिचा पहिला प्रयोग करून पाहिला होता. पुढे १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. काम मागितल्यापासून १५ दिवसांत काम मिळालं नाही तर भत्ता, ही गोष्ट त्या कायद्यात होती. भत्ता होता रोजचा एक रुपया. देशाचा कायदा २००५ साली आला, तेव्हा त्यात १५ दिवसांची ही अट तशीच राहिली, भत्त्याची रक्कम मात्र मजुरीला बांधली गेली.

म्हणजे किती? या वर्षी, २०२४-२५ साठी, महाराष्ट्रात हमीच्या कामाचा दर दिवसाला २९७ रुपये आहे. पहिल्या ३० दिवसांसाठी भत्ता या दराच्या निदान एक चतुर्थांश, म्हणजे ७४ रुपये २५ पैसे. त्यानंतर त्या आर्थिक वर्षातल्या उरलेल्या दिवसांसाठी निदान निम्मा, म्हणजे १४८ रुपये ५० पैसे. चौऱ्याहत्तर रुपये ऐकून कुणी हसेल. हसू द्या. त्या चौऱ्याहत्तर रुपयांचा खरा उपयोग काय, ते पुढे सांगतो.

आता रानातल्या कामाकडे येऊ, कारण खरी ओढाताण तिथेच आहे. तालुक्याच्या बैठकीत कुणी साहेब विचारतात, हमीवर २९७ मिळतात तर बायका अडीचशेच्या भांगलणीला का जातात? जी बाई जाते तिला हा प्रश्न पडत नाही. रानातला पैसा संध्याकाळी नाही तर बाजाराच्या दिवशी हातात येतो. हमीचा पैसा हजेरीपत्रक बंद झाल्यावर १५ दिवसांत खात्यावर यायला पाहिजे, आणि कितीदा येत नाही ते तुम्हीच आम्हाला सांगता. शिवाय हमीचे २९७ नुसत्या हजेरीचे नसतात, ते मापावर ठरतात. खड्डा कमी भरला की मजुरी कमी. रानातून येताना बांधावरच्या गवताचा भारा डोक्यावर येतो आणि दारातली शेळी त्याच्यावर जगते. त्या भाऱ्याची किंमत कुठल्याच दरपत्रकात नाही. पोराच्या वह्यांसाठी, दवाखान्यासाठी ज्याच्याकडून उचल घेतली, त्याच्याच रानात हंगामात गेलं नाही तर पुढच्या वेळी कुणाच्या तोंडाकडे बघायचं? आणि सावड असेल तर तिथे पैशाचाही प्रश्न नाही. ती आपल्या रानात दोन दिवस येऊन गेली, आता आपल्याला तिच्या रानात जायचंच आहे.

म्हणून हमीसाठी भांगलण सोडा, असं आम्ही कुणाला सांगणार नाही. दोन्ही जमवता येतं. त्यासाठी काम मागण्याची वेळ आणि काम सुरू व्हायची वेळ या दोन वेगळ्या तारखा आहेत हे ओळखावं लागतं. बहुतेक जणी चुकतात ते इथे. हातातलं रानातलं काम संपेपर्यंत थांबतात, मग ग्रामपंचायतीत जातात आणि म्हणतात, उद्यापासून काम द्या. त्या दिवसापासून १५ दिवस मोजायला सुरुवात होते. ते १५ दिवस ना रानातली मजुरी, ना हमीची, ना भत्ता.

कायदा आगाऊ अर्ज करू देतो. आज अर्ज द्यायचा आणि काम पुढच्या अमुक तारखेपासून पाहिजे असं लिहायचं. भत्ता कधीपासून लागू होतो, तर अर्ज दिल्यापासून १५ दिवस आणि तुम्ही मागितलेली तारीख, यांतली जी नंतरची असेल तेव्हापासून. म्हणजे रानात काम चालू असतानाच अर्ज दिला, तर ते १५ दिवस तुम्ही भांगलणीत असताना निघून जातात.

उदाहरण घेऊ. समजा, भांगलण आणि पाठोपाठ बाजरीची काढणी मिळून सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत हाताला काम आहे. त्यानंतर दिवाळीपर्यंत फारसं काही दिसत नाही. तर गौरी-गणपतीच्या गडबडीआधी, सोमवारी २ सप्टेंबरला अर्ज द्यायचा. त्यात लिहायचं, काम पाहिजे २३ सप्टेंबर ते २० ऑक्टोबर. हे झाले चार आठवडे, आठवड्याला सहा दिवस धरले तर २४ दिवस काम. २ तारखेपासूनचे १५ दिवस १७ तारखेलाच संपतात, तेव्हा तुम्ही बाजरीत असता. २३ तारखेला सोमवारी काम निघालं तर हमीवर जायचं. नाही निघालं तर त्याच दिवसापासून भत्त्याचा हक्क सुरू. चारही आठवडे काम दिलंच नाही तर २४ गुणिले ७४ रुपये २५ पैसे, म्हणजे १,७८२ रुपये. पूर्ण सहा दिवसांची मजुरी होते ती. तुमच्या गावच्या पिकाप्रमाणे तारखा बदलतील, हिशोब हाच राहील.

आता हाच अर्ज उलटा करून बघा. २ सप्टेंबरला अर्ज दिला आणि त्यात लिहिलं, काम पाहिजे २ ते १५ सप्टेंबर. सरकारला द्यायला १५ दिवस, आणि तुमची मागणी १४ दिवसांतच संपली. मागणीचा काळ संपला की भत्ताही थांबतो, असं कायद्यात आहे. इथे तर तो सुरूच झाला नाही. अर्ज खरा, पोच खरी, हातात काही नाही. एकीने आम्हाला फोनवर वाचून दाखवलेला अर्ज अगदी असाच होता. तो तिने स्वतः भरला नव्हता. ‘तू अंगठा कर, तारखा मी टाकतो’ असं तिला सांगितलं गेलं होतं. म्हणून तारखांची जागा कोरी ठेवून सही करू नका, एवढं एक पाळाच.

मागणी साधारण सलग १४ दिवसांची तरी असावी लागते. मधे कांद्याची लागण आली, पुन्हा रान हाक मारायला लागलं, तर एकाच लांबलचक अर्जात सगळे महिने कोंबू नका. दोन अर्ज द्या. एक दिवाळीआधीचा, दुसरा लागण आटोपल्यानंतरचा. एकापेक्षा जास्त अर्ज चालतात, फक्त त्यांचे दिवस एकमेकांवर चढता कामा नयेत.

दोन अर्जांचं हे सांगण्यामागे कारण आहे. समजा तुम्ही मागितलेल्या दिवसांत काम खरोखरच निघालं. बोलावणं आलं. आता काय? बोलावणं आल्याबरोबर भत्ता थांबतो. जॉब कार्डावरचा घरातला दुसरा कुणी प्रौढ माणूस तुमच्याऐवजी गेला तरी चालतं. पण दिलेलं काम नाकारलं, किंवा कळवल्यापासून १५ दिवसांत हजरच झालं नाही, तर तीन महिने भत्ता मागता येत नाही. कामावर रुजू होऊन परवानगीशिवाय सलग आठवड्याहून जास्त गैरहजर राहिलं, किंवा एका महिन्यात मिळून आठवड्याहून जास्त खाडे झाले, तरी तेच. आता फोनवरच्या त्या प्रश्नाचा हिशोब करा. आठवड्यातले दोन दिवस भांगलण. चार आठवड्यांचे झाले आठ खाडे. आठवडा सातचा. एका दिवसाने तीन महिन्यांचा भत्ता गेला. ही गोष्ट आम्हालाही कागदावर मांडून बघेपर्यंत लक्षात आली नव्हती.

म्हणजे काम मिळालं नाही त्या दिवसांत दोन दिवस रानात गेलात तर काही बिघडत नाही. काम मिळालेलं असताना दर आठवड्याला दोन दिवस रानात गेलात तर बिघडतं. दोन्हीतला फरक लक्षात ठेवा. खाडा करावाच लागणार असेल तर परवानगी मागा, आणि ती कागदावर मागा. आणखी एक, या तीन महिन्यांत फक्त भत्त्याचा हक्क जातो, काम मागायचा हक्क जात नाही. ‘तू मागे आली नाहीस, आता तुला काम नाही’ असं कुणी म्हणालं तर ते कायद्याला धरून नाही.

अर्ध्या दिवसाची तडजोडही आता अवघड झाली आहे. पूर्वी काही जणी सकाळी रानात जाऊन अकराला हमीवर हजर व्हायच्या, मुकादम समजून घ्यायचा. आता सार्वजनिक कामांवर मोबाइलवर फोटोची हजेरी असते, सकाळी एकदा आणि दुपारनंतर पुन्हा. दोन्ही फोटोंत माणूस पाहिजे. त्यामुळे दिवस हमीचा तर हमीचा आणि रानाचा तर रानाचा, असंच ठरवावं लागतं. आणि हजेरीपत्रकावर नावं आधीच छापून येतात. ज्याने काम मागितलेलं नाही त्याचं नाव त्यात नसतं. आयत्या वेळी जाऊन उभं राहिलं तर हजेरी लागत नाही. भत्ता नको असला तरी अर्ज हवाच, तो यासाठी.

आता पोचेबद्दल. काम मागायचा अर्ज म्हणजे नमुना ४. त्याची तारीख घातलेली पोच म्हणजे नमुना ५. अर्ज घेणं आणि पोच देणं ग्रामपंचायतीला बंधनकारक आहे. तरी पोच मागितली की काय काय ऐकायला मिळतं! साहेब नाहीत. पुस्तक संपलंय. कशाला पोच पाहिजे, मी काय कुठे पळून जातोय का? मस्टर निघालं की तुमचे अर्ज भरून घेऊ. हे शेवटचं वाक्य फार गोड आहे, आणि नुकसान सगळ्यात जास्त त्यानेच होतं. मस्टर निघाल्यावर अर्ज भरला की कागदोपत्री काम मागितलं त्याच दिवशी काम मिळालं असं दिसतं. मधे तुम्ही सव्वा महिना वाट बघितली, ती कुठेच उमटत नाही. संगणकात तुमचा तालुका हिरवागार. भत्ता देण्याचा प्रश्नच उरत नाही.

असं का होतं, त्याचं एक साधं कारण आहे. हमीच्या अकुशल मजुरीचे पैसे केंद्र सरकार देतं. बेकारी भत्त्याचे पैसे राज्य सरकारला स्वतःच्या खिशातून द्यावे लागतात. भत्ता देणं म्हणजे आपल्याला काम देता आलं नाही हे लेखी कबूल करणं, आणि वर तिजोरीतून पैसेही जाणं. म्हणून सगळ्या साखळीला वाटतं की ती पोच कुणाच्या हातात पडू नये. गावातला रोजगार सेवक त्या साखळीत सगळ्यात खाली आहे. त्याच्याशी भांडून काही हाती लागत नाही, तोही तुटपुंज्या मानधनावरचा माणूस आहे.

मग काय करायचं? एकट्याने जाऊ नका. अर्ज मिळून देता येतो. बचत गटातल्या दहा जणींनी एकत्र अर्ज दिला की पोच नाकारणं जड जातं. तरी नाहीच दिली तर अर्ज थेट तालुक्याला द्या. तहसीलदार या योजनेचे कार्यक्रम अधिकारी असतात आणि अर्ज त्यांच्याकडेही देता येतो. तिथे आवक-जावकच्या टेबलावर तुमच्या प्रतीवर शिक्का आणि तारीख मिळते. एसटीचे पैसे जातात हे खरं. दहा जणींनी वर्गणी काढून दोघींना पाठवलं तर परवडतं. त्या शिक्क्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, आणि जॉब कार्ड दुसऱ्या कुणाकडे ‘ठेवायला’ देऊ नका. ते तुमच्या घरातच पाहिजे.

मागितलेली तारीख उलटली, काम नाही. आता भत्त्याचा अर्ज. साध्या कागदावर चालेल. नाव, गाव, जॉब कार्डाचा नंबर, काम कधी मागितलं, कोणत्या दिवसांसाठी, आणि अजून मिळालेलं नाही. सोबत पोचेची प्रत. अर्ज कार्यक्रम अधिकाऱ्यांच्या नावे. भत्ता देय झाल्यापासून १५ दिवसांत तो द्यायचा असतो. नाही मिळाला तर लेखी तक्रार करा. ती नोंदवहीत लिहून घेऊन सात दिवसांत निकाली काढायची असते. जिल्ह्याला तक्रार निवारण प्राधिकारी असतात, त्यांच्याकडेही जाता येतं.

खरं सांगायचं तर बेकारी भत्ता प्रत्यक्ष हातात पडलेल्या बायका फार थोड्या. आमच्या ओळखीत तरी एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच. मग एवढा खटाटोप कशाला? कारण भत्त्याचा अर्ज गेला की वरून खाली विचारणा होते, आणि काम निघतं. आठ-आठ दिवस ‘शेल्फवर काम नाही’ म्हणणाऱ्या पंचायतीत अचानक रोपवाटिकेचं, वृक्षलागवडीचं, नाल्याचं काम सापडतं. चौऱ्याहत्तर रुपयांचा उपयोग तो हा. आपल्याला भत्त्यापेक्षा काम मिळालं तर बरंच आहे, २९७ कधीही ७४ पेक्षा जास्त. त्या वेळी मात्र ठरल्याप्रमाणे कामावर जायची तयारी ठेवा. अर्ज देऊन काम निघाल्यावर दहातल्या आठ जणी रानात गेलेल्या असल्या, तर पुढच्या वेळी त्या कागदाला कोण विचारणार?

एक गल्लत नेहमी होते. काम केलं पण मजुरी उशिरा आली, त्याची भरपाई वेगळी. हजेरीपत्रक बंद झाल्यावर सोळाव्या दिवसापासून रोज थकलेल्या मजुरीच्या ०.०५ टक्के. आठवड्याची मजुरी १,७८२ रुपये थकली तर दिवसाला ८९ पैसे. त्यात चहासुद्धा येत नाही. पण ती बेकारी भत्ता नव्हे, तिचा अर्ज भत्त्याच्या अर्जात मिसळू नका.

घरातला हिशोबही बघावा लागतो. शंभर दिवस माणशी नाहीत, कुटुंबाला आहेत. जॉब कार्डावरच्या सगळ्यांचे मिळून. मालकांनी उन्हाळ्यात विहिरीच्या कामावर ७० दिवस भरले असतील तर त्या कार्डावर उरले ३०. मजुरी आणि भत्ता दोन्ही मिळून वर्षात शंभर दिवसांच्या मजुरीइतके पैसे झाले, या वर्षीच्या दराने २९,७०० रुपये, की भत्ता बंद. महाराष्ट्रात शंभर दिवसांपुढचं काम राज्य देतं, ते मागायला हरकत नाही. म्हणून अर्ज देण्याआधी कार्ड उघडून घरात किती दिवस भरलेत ते मोजा. पुष्कळदा बाईला हे माहीतच नसतं, कारण कार्ड मालकांच्या पेटीत असतं.

फोनवर एका आईने लेकीसाठी विचारलं होतं. लेक पुण्याजवळ एमआयडीसीत कंपनीत होती, कपातीत काम गेलं, आता दुकानात चार तास जाते. तिला हा भत्ता मिळेल का? हा नाही, हा गावातल्या हमीच्या कामाचा आहे. पण लेकीच्या पगारातून ईएसआय कापलं जात असेल तर तिच्यासाठी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे. ती २०१८ पासून चालू आहे. काम गेल्यावर रोजच्या सरासरी कमाईच्या निम्मी रक्कम मिळते, जास्तीत जास्त ९० दिवसांची, आणि हे ९० दिवस उभ्या आयुष्यात एकदाच. दोन वर्षांची नोकरी आणि ठरावीक दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. गैरवर्तनासाठी काढलं असेल किंवा स्वतःहून निवृत्ती घेतली असेल तर मिळत नाही. इथे मात्र आपल्या हमीच्या उलटं आहे. ही मदत काम गेलेल्या माणसाला त्याच्या बेरोजगारीच्या दिवसांची असते, दुसरी नोकरी लागली की तिथून पुढे ती मिळत नाही. म्हणून दुकानातल्या चार तासांचं काय, ते लेकीने लपवून अर्ज करू नये. ईएसआयच्या शाखा कार्यालयात आधी सांगावं, काम सुटल्याची आणि नवं लागल्याची तारीख दोन्ही दाखवाव्यात आणि मधल्या दिवसांचं मागावं.

मोबाइलवर एक मजकूर फिरतोय, बेरोजगारांना सरकार महिन्याला पाच हजार देणार, खालची लिंक दाबा. दाबू नका. त्या लिंकवर आधार आणि बँकेचा नंबर विचारतात. आणि कुणीतरी लाडकी बहीणचं विचारलं होतं. ते दीड हजार आणि हा भत्ता यांचा एकमेकांशी संबंध नाही, एक घेतलं म्हणून दुसरं बंद होत नाही.

पुढच्या गुरुवारी संध्याकाळी सात वाजता नमुना ४ आम्ही एकेक रकाना वाचून दाखवणार आहोत. जॉब कार्ड आणि पेन घेऊन बसा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी लिहिणारं पोर शेजारी बसवावं. सप्टेंबरच्या २ तारखेला अर्ज द्यायचा असेल तर त्याआधीचा हा शेवटचा गुरुवार आहे.